युरोपातल्या जुन्या युनिव्हर्सिट्या आणि तिथपर्यंत पोचलेल्या बायका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई कोण?

एलेना कॉर्नारो पिस्कोपिया. व्हेनिसची. जन्म ५ जून १६४६, आणि २५ जून १६७८ ला इटलीतल्या पाडुआ युनिव्हर्सिटीने तिला फिलॉसॉफीची डॉक्टरेट दिली. क्विझला एवढं उत्तर पुरतं. पण मला विचाराल तर "पहिली कोण" हा प्रश्न अर्धाच आहे, त्याच्या मागोमाग "मग दुसरी कधी" हे विचारायलाच हवं, कारण दुसरी यायला ५४ वर्षं गेली आणि तीसुद्धा पाडुआत नाही, इटलीतल्याच बोलोन्या शहरात. मधल्या काळात हुशार मुली जन्मल्याच नाहीत असं थोडंच आहे. खालची बहुतेक उत्तरं शेवटी ह्याच मुद्द्यावर येतात, एक बाई आत जाते, तिचा मोठा सोहळा होतो आणि तिच्या पाठीमागे दार लावून घेतात.

तिच्याआधी शिकलेल्या बायका नव्हत्याच का?

होत्या की, भरपूर होत्या, फक्त डिग्रीवाल्या नव्हत्या. १२ व्या शतकात सालेर्नोला त्रोता नावाची वैद्य होती, बायकांच्या आजारांवरचं तिचं लिखाण पुढे शतकानुशतकं युरोपभर नकलून वापरलं गेलं. स्पेनमध्ये बेआत्रिस गालिन्दो राणी इसाबेलाला लॅटिन शिकवायची आणि लोक तिला "ला लातिना" म्हणायचे. व्हेनिसच्या कासांद्रा फेदेलेने १४८७ मध्ये पाडुआत, एका नातेवाइकाला डिग्री मिळाली त्या समारंभात, सगळ्या विद्वानांसमोर लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते छापूनही आलं, म्हणजे डिग्री त्या मुलाला आणि भाषण हिचं!

बोलोन्यात १४ व्या शतकातल्या नोव्हेल्ला द'आंद्रेआची गोष्ट सांगतात, वडील कायद्याचे प्रोफेसर, त्यांना जमेना तेव्हा ती लेक्चर घ्यायची आणि पोरांचं लक्ष उडू नये म्हणून पडद्याआड बसायची. ही गोष्ट क्रिस्टीन द पिझानने १४०५ मध्ये लिहून ठेवलीय, स्वतः बाई आणि स्वतः लेखणीवर पोट भरणारी, त्यामुळे तिने ती का जपली हे कळतं. पण गोष्ट म्हणूनच वाचा, पुरावा म्हणून नको.

बायकांना नेमकी मनाई कशी होती? कुठे नियम लिहिलेला होता का?

बऱ्याच ठिकाणी लिहायची गरजच पडली नाही. पॅरिससारख्या युनिव्हर्सिट्या चर्चच्या पोटातून निघालेल्या, तिथला विद्यार्थी म्हणजे कायद्याने चर्चचा माणूस, आणि बाई पाद्री होऊ शकत नाही म्हणजे विद्यार्थीही नाही, विषय संपला. आणि हा बंदोबस्त कोर्टापर्यंत जायचा. १३२२ मध्ये पॅरिसच्या मेडिकल फॅकल्टीने झाकोबा फेलिसी नावाच्या बाईवर खटला भरला, का तर लायसन्स नसताना पेशंट बघते. तिने बरे केलेले पेशंट साक्षीला उभे राहिले, दुसऱ्या डॉक्टरांनी हात टेकले होते तिथे हिने बरं केलं असं सांगितलं, तरी निकाल तिच्या विरोधातच गेला. लायसन्स हवं तर युनिव्हर्सिटीत शिका, आणि युनिव्हर्सिटीत बायकांना प्रवेश नाही, म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

वर्गात बसता येत नव्हतं, मग डिग्री कशी मिळाली?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि फार कमी लोक विचारतात. इटलीत शिकवणं एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे अशी व्यवस्था होती. लेक्चर युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर घ्यायचे, पण डिग्री द्यायचा अधिकार डॉक्टर मंडळींच्या कॉलेजकडे, म्हणजे त्या त्या विषयातल्या पदवीधरांच्या संघाकडे. तो संघ उमेदवाराची तोंडी परीक्षा घ्यायचा. त्यामुळे घरी खासगी शिक्षक ठेवून तयारी केलेली मुलगी, कुणीतरी वजनदार माणसाने शब्द टाकला तर, एकदम परीक्षेलाच उभी राहू शकायची. म्हणून ह्या बायकांपैकी जवळपास कुणीच कॉलेजात "गेलेली" नाही. वर्ग नाही, मित्र नाहीत, बाकावर शेजारी कुणी नाही, बारा पंधरा वर्षं घरात एकटीने अभ्यास आणि मग एके दिवशी अख्ख्या शहरासमोर परीक्षा. विचार करा काय दडपण असेल.

पिस्कोपियाच्या परीक्षेच्या दिवशी काय झालं?

आधी त्यामागची खेचाखेची बघू. तिच्या शिक्षकांनी, कार्लो रिनाल्दिनी, पाडुआत फिलॉसॉफीचे प्रोफेसर, तिचं नाव आधी थिऑलॉजीच्या डॉक्टरेटसाठी पुढे केलं होतं. पाडुआचे बिशप कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो ह्यांनी साफ नकार दिला. बाईने धर्मशास्त्र शिकवायचं म्हणजे जगात आपलं हसं होईल हे त्यांचं म्हणणं, कारण डॉक्टर होणं म्हणजे शिकवायचा हक्क मिळणं. बरीच ओढाताण झाली आणि तडजोड निघाली, थिऑलॉजी नको, फिलॉसॉफी घ्या.

परीक्षा युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये व्हायची, पण बघायला एवढी गर्दी लोटली की ती कॅथेड्रलमध्ये हलवावी लागली. प्रोफेसर, व्हेनिसचे सिनेटर, बाहेरगावच्या युनिव्हर्सिट्यांचे पाहुणे, सगळे हजर. पद्धत अशी की ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांतले उतारे तिथल्या तिथे निवडून द्यायचे आणि उमेदवाराने ते लॅटिनमध्ये उलगडून सांगायचे, तिच्या वाट्याला एक तर्कशास्त्रातला आला आणि एक फिजिक्समधला. ती बोलली. नेहमीचं गुप्त मतदान बाजूला ठेवून परीक्षकांनी जागच्या जागी तोंडीच होकार दिला. मग बोटात अंगठी, हातात ग्रंथ, खांद्यावर पांढऱ्या फरची खांदेझूल आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, पुरुष डॉक्टरांना मिळायचं ते सगळं तिला मिळालं. वय ३२.

लॅटिन, ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश, फ्रेंच, अरबी एवढ्या भाषा तिला यायच्या. आणि एवढं होऊनही ती स्वतः ह्या गाजावाजाला अजिबात उत्सुक नव्हती, तिला मठातलं शांत आयुष्य हवं होतं, तिने आतल्या आत तसं व्रतही घेतलेलं होतं. २६ जुलै १६८४ ला गेली, अवघी ३८ वर्षांची.

वडिलांना ह्यात काय मिळणार होतं?

खूप काही. कॉर्नारो म्हणजे व्हेनिसचं बडं घराणं, पण एलेनाची आई झानेत्ता गरीब शेतकरी घरातली, आणि एलेना जन्मली तेव्हा आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे मुलांची नावं उमरावांच्या वहीत चढेनात, शेवटी मोठी रक्कम मोजून मुलग्यांची नावं चढवावी लागली. अशा घरात एक लेक सगळ्या युरोपात गाजतेय म्हणजे गेलेली अब्रू भरून निघणार. वडिलांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही, उत्तमातले उत्तम शिक्षक त्यांनी लावले. पण परीक्षेचा हट्ट त्यांचा होता, तिचा नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

मग पाडुआने पुढच्या मुलींना का नाही दिली डिग्री?

कारण लगेच दुसरी तयार होती! पाडुआतल्याच शार्ल पातँ ह्या प्रोफेसरांची मुलगी. तिचं नाव पुढे आल्याबरोबर युनिव्हर्सिटीच्या कारभाऱ्यांनी ठरवून टाकलं की आता बायका नकोत. एक असेपर्यंत ती नवलाई असते, दोन झाल्या की पायंडा पडतो, आणि पायंडा पडू द्यायचा नव्हता. ह्या पूर्ण विषयात मला सगळ्यात जास्त राग ह्याच गोष्टीचा येतो.

लॉरा बासी पहिली महिला प्रोफेसर, हे खरं आहे का?

हो, पगारी प्रोफेसर. आणि पगाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

बोलोन्याच्या एका वकिलाची मुलगी, जन्म १७११. घरी यायच्या त्या डॉक्टरांनी, गाएतानो ताक्कोनींनी, पोरीची हुशारी बघितली आणि तिला गुपचूप शिकवायला घेतलं. १७ एप्रिल १७३२ ला शहराच्या सरकारी महालात तिने ४९ प्रमेयांवर जाहीर वाद घातला, वय २०. मेमध्ये डिग्री, आणि ऑक्टोबरपर्यंत युनिव्हर्सिटीत नेमणूक, वर्षाला ५०० लिरे पगार. तिच्या नावाचं पदकसुद्धा पाडलं.

आता खाचाखोचा. नेमणुकीतच अट घातलेली होती की ती बाई असल्यामुळे वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय जाहीर लेक्चर घ्यायचं नाही. म्हणजे पगार घ्या, नाव रजिस्टरवर ठेवा, मोठे पाहुणे आले की समारंभाला या, कार्निव्हलच्या दिवसांत शरीरशास्त्राचं जाहीर व्याख्यान असायचं तिथे येऊन वाद घाला, पण रोजचा वर्ग नाही. शहराला दाखवायला एक विद्वान बाई हवी होती, शिक्षिका नको होती.

आणि इथेच बासी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती गप्प बसली नाही. वर्ग देत नाही? ठीक आहे, घरीच भरवते. १७४९ पासून तिने स्वतःच्या घरात प्रयोगांसकट फिजिक्सचा कोर्स सुरू केला, वर्षातले जवळपास आठ महिने चालायचा, तेव्हा न्यूटनचं फिजिक्स प्रयोग करून शिकायचं तर बोलोन्यात ह्याच्यासारखी जागा सापडणं कठीण होतं. यंत्रं नवरा बायकोने जमवली. लाझारो स्पालान्झानी, पुढे एवढा नावाजलेला शास्त्रज्ञ, तिचा नातेवाईक आणि तिच्याकडे शिकलेला. दुसरीकडे पगारवाढीसाठी ती चिवटपणे अर्ज करत राहिली, खर्च दाखवत, काम दाखवत, आणि पगार वाढवून घेतलासुद्धा. १७७६ मध्ये बोलोन्याच्या विज्ञान इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगात्मक फिजिक्सची चेअर, म्हणजे मुख्य प्रोफेसरची जागा, तिला मिळाली आणि तिचा असिस्टंट म्हणून नेमला गेला तो तिचाच नवरा. २० फेब्रुवारी १७७८ ला ती वारली, चेअर मिळून दोनच वर्षं झाली होती.

लग्न करून हे सगळं कसं जमवलं तिने?

१७३८ मध्ये तिने जुझेप्पे वेरात्ती ह्या डॉक्टरशी लग्न केलं तेव्हा शहरात बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, त्यांना ती कुमारी विद्येची देवता म्हणून मिरवायला हवी होती, संसार करणारी बाई नको होती. तिने एका ओळखीच्या विद्वानाला पत्र लिहून सरळ सांगितलं की मी असा माणूस निवडलाय जो माझ्याच विद्येच्या वाटेवरचा आहे आणि मला तिच्यापासून परावृत्त करणार नाही ह्याची मला खात्री आहे. मुलं झाली, त्यातली काही गेली, तब्येत बिघडायची, तरी १७४६ पासून बोलोन्याच्या विज्ञान अकॅडमीत जवळपास दरवर्षी एक पेपर वाचत राहिली. त्यातले मोजकेच छापले गेले, म्हणून "लिहिलंय काय तिने" असं कुणी म्हटलं तर ही बाजूही सांगा. आणि लग्न झाल्यावर घरात पुरुष विद्यार्थी येऊ शकत होते, हे अविवाहित मुलीला तेव्हा शक्यच नव्हतं. म्हणजे लग्नामुळे तिचं काम थांबलं नाही, उलट वाढलं.

पोपने मदत केली म्हणतात, ते कसं काय?

बासीच्या परीक्षेच्या वेळी बोलोन्याचे आर्चबिशप होते प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी, स्वतः बोलोन्याचेच. १७४० मध्ये ते पोप झाले, चौदावे बेनेडिक्ट. १७४५ मध्ये त्यांनी अकॅडमीत पगारी २४ सभासदांचा खास गट काढला, बासीने आपल्याला घ्यावं म्हणून प्रयत्न केले आणि पोपने तिच्यासाठी पंचविसावी जागा काढली. २४ जागांतली एक नाही, जादाची. मदत खरीच होती, ती कमी लेखायची नाही, पण ती एका माणसाची मर्जी होती आणि मर्जी त्या माणसाबरोबर जाते.

व्होल्तेअरला ह्याच बोलोन्याच्या अकॅडमीत जायचं होतं तेव्हा त्याने १७४४ मध्ये बासीला पत्र घातलं होतं, लंडनमध्ये कुणी बासी नाही असं म्हणत. एवढा तिचा शब्द चालायचा.

मारिया गाएताना आन्येसीही बोलोन्यात प्रोफेसर होती ना?

कागदावर. मिलानच्या श्रीमंत रेशीम व्यापाऱ्याची थोरली लेक, जन्म १७१८, घरात एकूण २१ भावंडं. वडील घरी विद्वानांच्या बैठका भरवायचे आणि पाहुण्यांसमोर ही लॅटिनमधून वाद घालायची. १७४८ मध्ये तिचं कॅल्क्युलसचं पुस्तक आलं, दोन खंड, हजाराच्या वर पानं, आणि लॅटिनमध्ये नाही तर इटालियनमध्ये, तरुणांना कळावं म्हणून पायरीपायरीने लिहिलेलं. त्याच पोपने १७५० मध्ये तिला बोलोन्याची गणिताची चेअर दिली. ती गेलीच नाही. १७५२ मध्ये वडील वारले आणि तिने गणितावर पाणी सोडलं, पुढची सगळी वर्षं गोरगरीब आणि आजारी बायकांच्या सेवेत, १७९९ मध्ये गेली तेव्हा तिच्या नावावर काही नव्हतं. "केवढी बुद्धी वाया गेली" अशी हळहळ लोक करतात. मला ती पटत नाही, वडील गेल्यावर पहिल्यांदा तिने स्वतःच्या मनासारखं केलं.

इटलीतच एवढ्या बायका का?

शहराशहरांतली चढाओढ हे मोठं कारण. बोलोन्याला विद्यार्थी कमी व्हायला लागले होते, जुनं नाव टिकवायला काहीतरी वेगळं हवं होतं. उमराव घरांत खासगी शिक्षकांची रीत होती, परीक्षेची व्यवस्था वर सांगितली तशी. पण म्हणजे इटलीत बायकांना मोकळीक होती असा अर्थ काढू नका. क्रिस्तिना रोकाती १७५१ ला बोलोन्यात, मारिया पेल्लेग्रिना आमोरेत्ती १७७७ ला पाव्हियात कायद्यात, मारिया दाल्ले दोन्ने १७९९ ला बोलोन्यात मेडिसिनमध्ये. शतकभरात अशी नावं बोटांवर मोजता येतील एवढीच.

इटलीबाहेर काय परिस्थिती होती?

डच गावात, उत्रेख्तला, १६३६ मध्ये नवीन युनिव्हर्सिटीचं उद्घाटन झालं तेव्हा लॅटिन कविता लिहायला सांगितली ती आना मारिया फान शुरमान हिला, आणि तिने त्या कवितेतच बायकांना आत घेत नाहीत ही तक्रार घातली. नंतर तिला लेक्चर ऐकायची परवानगी मिळाली, पण इतर विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून पडद्यामागच्या आडोशात बसून.

जर्मनीत गॉटिंगेनला १७८७ मध्ये १७ वर्षांच्या डोरोथेआ श्लोत्सरला डॉक्टरेट मिळाली. पदवीदान चर्चमध्ये होतं, लग्न न झालेली मुलगी अशा समारंभात चालत नाही, म्हणून आपल्याला डॉक्टर जाहीर करतायत हे तिने शेजारच्या लायब्ररीच्या खिडकीतून बघितलं.

आणि डोरोथेआ एर्क्सलेबेन, तिच्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. क्वेडलिनबुर्गच्या डॉक्टरची मुलगी, जन्म १७१५, वडिलांच्या हाताखाली शिकली. १७४१ मध्ये प्रशिया ह्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक ह्याने तिला हाले युनिव्हर्सिटीची परवानगी दिली, पण तिने लग्न केलं एका विधुर पाद्र्याशी, त्याची पाच मुलं, पुढे तिची चार, आणि युनिव्हर्सिटी राहिली बाजूला. पेशंट मात्र बघत होती. १७५३ मध्ये तिचा एक पेशंट दगावला आणि गावातल्या तीन डॉक्टरांनी भोंदू म्हणून तक्रार केली. तिने काय केलं, तर प्रबंध लिहून दिला, चौथ्या बाळंतपणातून उठली आणि ६ मे १७५४ ला हालेत जाऊन लॅटिनमध्ये तोंडी परीक्षा दिली. पास. १२ जूनला एम.डी. प्रबंधाचा विषय काय, तर पेशंटला झटपट आणि सुखाने बरं करायच्या नादात उपचार धोक्याचे कसे होतात! तक्रार करणाऱ्यांना ह्यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार. मरेपर्यंत, म्हणजे १७६२ पर्यंत, प्रॅक्टिस केली. तिच्यानंतर हाले युनिव्हर्सिटीतून पुढची बाई मेडिसिनची डॉक्टर व्हायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

सरसकट सगळ्या मुलींना प्रवेश कधी मिळाला?

१९ व्या शतकात, आणि सुरुवात झुरिकपासून, तिथे १८६७ मध्ये रशियन नादेझ्दा सुसलोवा मेडिसिनची डॉक्टर झाली. लंडन युनिव्हर्सिटीने १८७८ मध्ये डिग्रीची दारं उघडली. प्रशिया १९०८. ऑक्सफर्ड १९२०. केंब्रिजने पूर्ण डिग्री दिली थेट १९४८ मध्ये, भारत स्वतंत्र झाल्यानंतर!

आपल्याकडच्या कुणाचा ह्यात संबंध येतो का?

येतो, आणि अगदी थेट. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई युनिव्हर्सिटीची पहिली महिला पदवीधर. पहिली आली म्हणून विलायतेची सरकारी स्कॉलरशिप मिळायला हवी होती, बाई म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी पैसे जमवले आणि ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल ह्या मुलींच्या कॉलेजात गेली. १८९२ मध्ये तिथे कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसणारी पहिली बाई, त्यासाठी खास ठराव करावा लागला. पास झाली पण डिग्री नाही, ती हातात पडली ऑक्सफर्डने १९२० मध्ये बायकांना डिग्र्या द्यायला सुरुवात केल्यावरच. आणि गंमत नाही पण लक्षात घ्या, मुंबई युनिव्हर्सिटी १८८३ मध्येच मुलींना डिग्रीला घ्यायला तयार झालेली होती, म्हणजे ह्या बाबतीत ऑक्सफर्डच्या कितीतरी आधी.

तिकडे फिरायला गेलो तर काय बघू?

पाडुआत पालाझ्झो बो, युनिव्हर्सिटीची जुनी इमारत, जिन्याच्या पायथ्याशी पिस्कोपियाचा पुतळा आहे. बोलोन्यात पालाझ्झो पोज्जीचं म्युझियम चुकवू नका, तिथे आन्ना मोरांदीने मेणात घडवलेली शरीराची मॉडेल्स आहेत. ही बासीच्याच काळातली, तिच्याच शहरातली, नवऱ्याबरोबर मॉडेल्स करायची आणि तो १७५५ मध्ये गेल्यावर एकटीने काम चालवलं, शिकवलंही. तिने स्वतःचा मेणाचा पुतळा केलाय, अंगावर भारी झगा, दागिने, आणि समोर उघडलेली कवटी, मेंदू कापायच्या तयारीत. शेजारी नवऱ्याचा पुतळा, त्याच्या हाताशी हृदय. मेंदू तिने स्वतःकडे ठेवला आणि हृदय त्याला दिलं, तेव्हाच्या समजुतीच्या बरोब्बर उलट.

ह्यातल्या एकीचंच लिखाण वाचायचं तर कुणाचं वाचू?

एर्क्सलेबेनचं १७४२ चं पुस्तक, बायकांना शिक्षणापासून कोणती कारणं अडवतात त्यावरचं. डिग्री मिळायच्या बारा वर्षं आधीचं, लग्नाच्याच वर्षातलं, मूळ जर्मनमध्ये. एकेक आक्षेप घेते, बायकांची बुद्धी कमी, घरकामात वेळ नाही, शिकून नोकरी कुठे मिळणार, आणि प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत जाते, बायकांच्या स्वतःच्या आळसालाही सोडत नाही. बाकीच्या बहुतेकींबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं आपण वाचतो, इथे ती स्वतः बोलते. जर्मन येत असेल तर तिथूनच सुरुवात करा.